कोंबडीचा झंपर

त्या वर्षीचा सगळा आषाढ आमच्या घरात एकाच प्रश्नावर गेला. गटारीला कोंबडा कापायचा की ठेवायचा? मी कापायच्या बाजूची. सासूबाई ठेवायच्या बाजूच्या. नवरा ज्या बाजूने ताट वाढून येईल त्या बाजूचा.

खरं तर श्रावण आमच्यात पाळत नाहीत. आम्हा बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमेलाच लागतो, आणि सासूबाई पांढरी साडी नेसून रोज संध्याकाळी विहारात जाऊन बसतात. पण श्रावण पाळत नाही म्हणून गटारी सोडायची, असं आमच्या भिसेगावात तरी कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी सकाळपासून आळीभर कांदा-खोबरं भाजल्याचा वास सुटतो, आणि ज्याच्या घरी गावठी कोंबडा असेल त्याच्याकडे लोक जरा जास्तच प्रेमाने बघतात.

आमच्याकडे होता. लालभडक अंग, शेपटीला काळी-हिरवी झाक, तुरा असा की एका बाजूला कलंडायचा. दिसायला राजा आणि वागायला गुंड. तो सासूबाईंचा होता. एक कोंबडी खुडूक झाली होती, तिची पिल्लं मुंगसाने खाल्ली, त्यातलं हे एक वाचलं. सासूबाईंनी त्याला पदरात घालून वाढवलं. कणी चावून मऊ करून भरवली. मला म्हणाल तर मी माझ्या पोरांनासुद्धा एवढे लाड करून खाऊ घातलं नाही.

मोठा झाल्यावर त्याने पांग फेडले. सासूबाई सोडून आळीतल्या प्रत्येक माणसावर धावून गेला. गॅसवाला सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून पळायचा. नवऱ्याचा टेंपो दारात उभा राहिला की तो चाकाला चोची मारायचा, आणि चाकाने काही उत्तर दिलं नाही की जिंकल्यासारखा आरवायचा. पण त्याचं खरं वैर माझ्याशी. मी परसात पाय टाकला की मान खाली, गळ्याची पिसं फुलवलेली, आणि उडी मारून दोन्ही पाय माझ्या पोटरीवर. पायामागचा काटा असा लागायचा की रक्त यायचं. मग मी झाडू घ्यायची. मी झाडू घेतला की त्याला आणखी चेव. मी नवऱ्याचे गमबूट घालून अंडी गोळा करायला जायला लागले. शेजारीण म्हणाली, शेतावर निघालीस का गं? मी म्हटलं, लढाईवर.

माझा राग नाकावर असतो हे मी कबूलच करते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माहेरी खालापूरला माझे वडील म्हणायचे, हिला मिरची लागत नाही, मिरचीला ही लागते.

मी ब्लाऊज शिवते. पुढच्या पडवीत माझी मशीन आहे, बाजूला कापडांची चळत, आणि मशीनच्या डाव्या अंगाला पाटावर सासूबाई. ही जागा त्यांची ठरलेली. तांदूळ निवडतील, लसूण सोलतील, काहीच नसेल तर नुसत्या बसतील. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, बटण लावायचं म्हटलं तरी मलाच हाक. तरी मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मशीनच्या बाजूला बसतात. मी गिऱ्हाइकांना सांगायची, हा माझ्यावरचा पहारा आहे. त्या ऐकायच्या आणि लसूण सोलत राहायच्या.

आता कोंबड्यांचं. कोंबडा एक आणि कोंबड्या चारच, एकाला आठ-दहा तरी लागतात, तिथेच गणित चुकलेलं होतं, पण ते तेव्हा कुणाला कळतंय. त्याची आवडती एकच, ठिपक्याठिपक्यांची. ती माझी होती. कशेळ्याच्या बाजारात मी ती घेतली होती आणि जीपमध्ये सगळ्या वाटेने मांडीवर धरून आणली होती. मऊ स्वभावाची, हातावर दाणे टिपणारी. कोंबडा दिवसातून किती वेळा तिच्या पाठीवर चढायचा त्याला सुमार नाही. आधी पिसं गेली. मग पाठ उघडी पडली, भाजल्यासारखी लाल. मी बघत होते आणि चिडत होते. एक दिवस ती खुराड्याच्या कोपऱ्यात मान आखडून बसलेली. उचलली, तर पंखाखाली काट्याने चिरलेलं, बोटभर लांब, आतलं मांस दिसत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पडवीत येऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, तुमचा लाडका या गटारीला पातेल्यात."

त्यांनी कोंबडीकडे पाहिलं. "आधी हिला बघ," म्हणाल्या. "त्याचं मागनं."

मी बघितलं, आणि शहाणपणा केला. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली इथपर्यंत ठीक. मग आपल्याकडे जे सगळ्याला लावतात तेच लावलं, खोबरेल तेलात कालवलेली हळद. चांगली जाड. पोराचा गुडघा फुटला, लाव हळद. कोयता लागला, लाव हळद. कोंबडीला का नको? तिला परसात सोडली आणि हात धुवायला गेले. परत आले तर उरलेल्या तिघी तिच्याभोवती गोळा. पिवळ्या रंगातून लाल डोकावत होतं, ते त्यांना काहीतरी खायचं वाटलं असणार. एकीने टोचलं, दुसरीने टोचलं, आणि ती बिचारी उभ्या जागी टोचून घेत होती. माझ्याच हातच्या हळदीने. मी तिला उचलून छातीशी धरली तेव्हा तिचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं, आणि मला रडूच आलं.

जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, हसल्या नाहीत. जखमेला जांभळं औषध लावलं. म्हणाल्या, कोंबड्यांना लाल दिसलं की टोचतात, म्हणून ते झाकलं पाहिजे. भरेपर्यंत वेगळी ठेवा, माशी बसू देऊ नका. आणि पाठीवर काहीतरी घाला, नाहीतर पिसं येतील तशी हा परत उपटेल.

"पाठीवर काय घालू?" मी विचारलं.

"काय करता तुम्ही?"

"ब्लाऊज शिवते."

"मग शिवा," म्हणाल्या.

जखम भरेपर्यंत मी तिला पडवीत डालग्याखाली ठेवली. जांभळी कोंबडी, माझ्या मशीनच्या उजव्या अंगाला. डावीकडे सासूबाई. ती रोज थोडी जास्त खायला लागली, मग डालग्याच्या फटींतून माझ्या पायाच्या अंगठ्याला चोच लावायला लागली. जखमेवर खपली धरली तेव्हा मी टेप घेतली.

बावीस-तेवीस वर्षं मापं घेतलेली बाई मी, पण कोंबडीची छाती कुठून मोजायची हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. खांदा नाही, कंबर नाही, बाही लावायची तर पंख आडवे. हूक पुढे की मागे? सासूबाई म्हणाल्या, "गळा जरा मोठा ठेव, तिला आवडंल." पहिला झंपर सुती कापडाचा झाला, तो परसातल्या ओल्या गवतात भिजून लोंबायला लागला. मग मोडक्या छत्रीचं कापड आतून लावलं. दोन पंखांना दोन इलॅस्टिकच्या कड्या, मानेजवळ एक हूक, पाठ पूर्ण झाकलेली. वरून मात्र काहीतरी जाड हवं होतं, कोंबड्याची नखं घसरतील असं. कापडांच्या तुकड्यांत हात घातला तर हिरव्या ब्रोकेडचा एक तुकडा निघाला. मापात अगदी बरोबर बसला.

तिला घालून परसात सोडली तेव्हा ती आधी उलटी उलटी चालली. मग उभी राहिली. मग अशी चालायला लागली की मी आणि सासूबाई एकमेकींना धरून हसलो. हिरवा ब्रोकेड, सोनेरी बुट्टे, ओल्या परसात फणसाखाली एखादी करवली फिरावी तशी ती फिरत होती. कोंबडा आला, चढला, घसरला. परत चढला, परत घसरला. बाजूला होऊन तिच्याकडे एका डोळ्याने बघत राहिला. हसून हसून माझ्या पोटात कळ आली. ते बघायला आळीतल्या बायका आल्या, आणि पोळ्या तव्यावर टाकून आलेल्या दोघींच्या पोळ्या जळल्या.

त्या बायकांत त्या ब्रोकेडची मालकीण काकूही होती. पलीकडच्या आळीतली, माझ्याकडे लेकीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज शिवून नेलेली. आमच्या धंद्यात एक आळ कायमचा असतो, की टेलर कापड मारतो. म्हणून मी चिंधीसुद्धा पुडी बांधून परत देते, हा एक तुकडा तेवढा पुडीत घालायचा राहिला होता. पण या काकूने उरलेल्या कापडाची पोटली शिवून मागितली होती, आणि मी म्हटलं होतं, काकू, पोटलीएवढं उरलं नाही. खरंच नव्हतं उरलं. कोंबडीएवढं उरलं होतं.

काकूचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे माझं कापड."

"तळहाताएवढा तुकडा होता, काकू."

"माझ्या लेकीच्या साखरपुड्याचं कापड कोंबडीच्या बुडाला?"

"पाठीला," मी म्हटलं. आता हे म्हणायची गरज होती का? नव्हती. पण तोंड माझं आहे.

मग सगळ्या आळीसमोर झालं ते झालं. तिने मला चोर म्हटलं. चोर हा शब्द ऐकला आणि मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, "हे सगळं त्या कोंबड्याने केलंय. तो न्या. गटारीला न्या, कापा, खा, तुमचं कापड वसूल करा." काकू म्हणाली, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द." अमावास्येला सकाळी पिशवी घेऊन येते, असं सांगून ती गेली.

सासूबाई मशीनशेजारच्या पाटावर बसून होत्या. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी विहारात जायला निघाल्या, फाटकाशी कोंबडा आला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तशाच आत येऊन बसल्या. त्या दिवशी गेल्याच नाहीत. मला माझ्या शब्दाचा राग आला, काकूचा आला, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या गप्प बसण्याचा आला. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गमबूट घालत होते. त्या म्हणाल्या, "झाडू ठेव."

"मग काय हात जोडू त्याला?"

"तू झाडू उगारतेस, तो पंख उगारतो. त्याला वाटतं तू पण कोंबडाच हायस. मागं सरू नको. खाली वाक, पंख दाबून उचल, नि काखंत घे. घेऊन फिर. गप झाला का मग सोड. वळवळ करंल तवर सोडायचा नाय."

मला वाटलं, बरं आहे, गटारीपर्यंत निदान पोटऱ्या तरी वाचतील. गेले. तो धावून आला. मी वाकले, आणि हे सांगते, लग्नात हार घातला तेव्हा धडधडलं नाही एवढं धडधडलं. पण धरला. काखेत घेतला. त्याने लाथा झाडल्या, माझ्या गाऊनची बाही फाडली, आणि मग फणसाला दोन-तीन वळसे झाल्यावर त्याची मान सैल पडली. अंगाला ऊन लागल्यासारखा गरम होता. एवढा दांडगा, आणि उचलला तर वजन असं काही नाहीच.

रोज सकाळी असंच. तो यायचा, मी उचलायची, आम्ही दोघं परसात फिरायचो. नवरा ब्रश करता करता बघायचा आणि म्हणायचा, प्रेमात पडलीस की काय? मी म्हणायची, तोंड धू आधी. मग तो यायचा पण उडी मारायचा नाही. मग नुसताच येऊन उभा राहायचा, कधी उचलतेस अशा नजरेने. पावसाची झड लागली की मी त्याला तसाच पडवीत आणायची, आणि तो मशीनच्या आवाजाला मान वाकडी करून ऐकत बसायचा. नवऱ्याने कशेळ्याहून आणखी तलंगा, अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या, आणल्या, कोंबड्याचं लक्ष वाटलं गेलं. ठिपकीच्या पाठीवर झंपराखाली पिसांचे बारीक कोंब आले. मी बोट फिरवून बघितलं आणि सासूबाईंनाही त्यांचं बोट धरून दाखवलं. सगळं छान चाललं होतं, फक्त अमावास्या जवळ येत होती आणि मी शब्द दिलेला होता.

त्या सकाळी फाटक वाजलं. काकू, हातात पिशवी. मी काय केलं सांगू? चाळिशी उलटलेली बाई मी, कोंबडा डालग्याखाली ढकलला, त्यावर कुणाचा तरी परकर टाकला, आणि पुढे जाऊन म्हटलं, "काकू, कसं सांगू, काल कुत्र्याने नेला हो."

आणि परकराखालून तो आरवला. चांगला खणखणीत, शेवटी लांब ताण घेऊन.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाय," सासूबाई पाटावरून म्हणाल्या.

काकूने कमरेवर हात ठेवले. मी परकर काढला, डालगं उचललं, आणि कोंबडा उचलून काखेत घेतला. द्यायलाच घेतला होता. पण हात पुढे जाईना. "नाही देत," मी म्हटलं. "शब्द रागात दिला होता. कापडाचं काय ते सांगा, तुमच्या पुढच्या ब्लाऊजची शिलाई घेणार नाही. पण हा नाही."

"अगं पण तूच त्याला पाण्यात बघत होतीस ना?" काकू म्हणाली. "एवढ्यात काय झालं?"

मी कोंबडा काखेत सावरला. सासूबाईच बोलल्या. लसूण सोलता सोलता, वर न बघता.

"हिला आणली ना गं, तवा ही पण अशीच व्हती. पहिल्या महिन्यात हिनं पोळपाट अंगणात भिरकावला व्हता. माझी नणंद बोलली, पोरगी डोक्यानं गरम हाय, माहेरी धाड. खालापूर काय लांब हाय का, येस्टीत बसव नि सोड."

पोळपाट मला आठवत होता. त्यांच्या नणंदेचं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मग?" काकूने विचारलं.

"मग काय. हिला शिवण येत व्हती. मशीन आणून दिली. ही मशीनवर, नि मी बाजूला. रोज. ही धुसफुसायची, मी बसायची. मला काय शिवता येतं का? मी आपली बसून राहायची."

मी तो पाट बघत राहिले. डाव्या अंगाला, मशीनला लागून, एवढी वर्षं. मी त्याला पहारा म्हणत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत होते.

काकू पडवीच्या पायरीवर बसली. पिशवी घडी करून मांडीवर ठेवली. "गेला का मग हिचा राग?"

"राग कुठं जातोय," सासूबाई म्हणाल्या. "पण माणसाळली."

काकू हसायला लागली. हसता हसता परसात डोकावली, तिथे ठिपकी हिरव्या ब्रोकेडमध्ये कोंडा उकरत होती. "आता नाक्यावरून ब्रॉयलर न्यावा लागेल मला," म्हणाली. "आणि ऐक. माझ्या पण दोघींची पाठ उघडी पडलीय. तू दिलेल्या पुडीतलं साखरपुड्याचं थोडं कापड आहे घरी. मापं घ्यायला येशील?"

मला काहीतरी चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं होतं, तोंडावर आलंही होतं. पण डोळे भरून वाहायला लागले, आणि पुसणार कसे, दोन्ही हातांनी कोंबडा धरलेला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदराने माझं तोंड पुसलं, नाकसुद्धा, लहान पोरीचं पुसतात तसं, आणि त्याच पदराने मग कोंबड्याची चोच पुसली.